हलके तोलण्याची क्रियापदे

इंग्रजीत 'व्हिलिपेंड' असे एक क्रियापद आहे, जे आज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्याही बोलण्यात जवळजवळ येत नाही. एखाद्याला तुच्छ लेखणे, त्याच्याविषयी हलक्या शब्दांत बोलून त्याची किंमत कमी करणे, हा त्याचा अर्थ. लॅटिन भाषेतील 'विलिस' म्हणजे स्वस्त, हलक्या मोलाचा, आणि 'पेंडेरे' म्हणजे टांगणे, तोलणे, या दोन शब्दांच्या सांध्यातून ते घडले आणि फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरले. वॉल्टर स्कॉटसारख्या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकाराने ते वापरले, परंतु तेव्हाही ते जुन्या वळणाचेच वाटत असावे. शब्दशः मराठीत आणायचे झाले तर 'हलके तोलणे' असे त्याला म्हणता येईल. 'पेंडेरे' या धातूचा पसारा मोठा आहे: प्राचीन रोममध्ये नाणी पाडली जाण्यापूर्वी काशाचे तुकडे तोलूनच देणेघेणे होत असे, त्यामुळे तोलणे, देणे आणि किंमत ठरवणे या तिन्ही क्रियांना एकच शब्द पुरत होता; पुढे पेन्शन, स्टायपेंड, इतकेच काय पण पौंड हा शब्दही याच कुळातून आला. म्हणजे ज्या शब्दाने पगार दिला जातो आणि ज्या शब्दाने माणसाला हिणवले जाते, ते दोन्ही एकाच तराजूला टांगलेले आहेत.

तराजूशी असलेले हे नाते हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे, कारण अवमूल्यन करणाऱ्या क्रियापदांचे मूळ शोधत गेले की बहुतेक वेळा वाट बाजारात, टांकसाळीत, खळ्यावर किंवा लग्न ठरवण्याच्या बैठकीत जाऊन पोहोचते. इंग्रजीत सर्वाधिक रूढ असलेले 'डिस्परेज' हे क्रियापद घ्यावे. त्यातील 'पार' म्हणजे समान, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या दर्जापेक्षा खालच्या घराण्यात लग्न लावून देणे असा होता. 1215 सालच्या मॅग्ना कार्टाच्या सहाव्या कलमात वारसांची लग्ने त्यांचा दर्जा उतरेल अशा ठिकाणी लावू नयेत असा जो दंडक आहे, त्यात हाच शब्द लॅटिन रूपात येतो. पोरक्या वारसाचे लग्न ठरवण्याचा हक्क सरदाराच्या वा राजाच्या हाती असे आणि त्या हक्काची विक्रीही होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमाची निकड कळते. मराठी माणसाला हे समजण्यास काही कष्ट पडू नयेत, कारण 'तोलामोलाचे स्थळ' हा शब्दप्रयोग येथील घराघरांत आजही जिवंत आहे, आणि त्यात तोल व मोल हे दोन्ही बाजारी शब्द जोडीने सोयरिकीच्या बैठकीला बसलेले आहेत. 'डिक्राय' या दुसऱ्या क्रियापदाचा जुना अर्थ असा की एखाद्या नाण्याची किंमत उतरल्याची दवंडी पिटणे. नाण्यावरून ते पुढे माणसांवर आले. 'बिलिटल' हे तर टॉमस जेफरसन याच्या व्हर्जिनियावरील ग्रंथात प्रथम आढळते, आणि गंमत म्हणून नव्हे तर इतिहास म्हणून हे नोंदवले पाहिजे की 1787 साली लंडनमधील एका नियतकालिकाने त्या नव्या शब्दाचीच हेटाळणी केली. अमेरिकेतील निसर्ग प्राण्यांना खुजे करतो, या बुफाँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जेफरसन लिहीत होता. एका खंडाला कमी लेखणाऱ्या मताचा प्रतिवाद करताना त्याला कमी लेखण्याचे क्रियापद घडवावे लागले आणि त्या क्रियापदालाही कमी लेखले गेले.

मराठीतील शब्दभांडार याहून दरिद्री नाही, आणि अधिक पारदर्शक आहे. 'हिणवणे' हे त्यातील मध्यवर्ती क्रियापद. त्याच्या मुळाशी असलेला 'हीन' हा संस्कृत शब्द 'हा' म्हणजे सोडणे, टाकणे या धातूचे भूतकालवाचक रूप आहे. म्हणजे हीन तो, ज्याला सोडून दिले आहे, ज्याच्याजवळून काही काढून घेतले आहे. परंतु मराठीत त्याच शब्दाचे 'हीण' हे रूप सोनाराच्या दुकानात स्थिरावले आणि सोन्यारुप्यात मिसळलेली हलकी धातू असा नेमका अर्थ त्याला प्राप्त झाला. 'हिणकस' म्हणजे ज्याच्या कसात हीण आहे ते. कस पाहण्याची रीत अशी: काळ्या, गुळगुळीत कसोटीच्या दगडावर तपासायचे सोने घासून एक रेघ ओढायची, तिच्या शेजारी ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढायची, आणि दोन्ही रेघांचा रंग उजेडात धरून पाहायचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: दुसरी रेघ ओढल्याखेरीज पहिलीविषयी काहीही बोलता येत नाही. सोनार 'हे हिणकस आहे' असे म्हणतो तेव्हा तुलनेचा आधार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दगडावर उमटलेला असतो. माणूस माणसाला हिणवतो तेव्हा मात्र पहिली रेघ तेवढी दाखवली जाते आणि दुसरी हिणवणाऱ्याच्या मनात राहते.

नाण्यांच्या व्यवहाराने मराठीला आणखी एक शब्द दिला, तो 'बट्टा'. निरनिराळ्या टांकसाळींची, झिजलेली, कापलेली नाणी एकाच बाजारात चालत असत त्या काळात सराफ प्रत्येक नाण्याची पारख करून त्याच्या दर्शनी किमतीतून काही रक्कम कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. नाण्याला लागणारा हा बट्टा नावाला लागू लागला, घराण्याला लागू लागला, आणि आज ज्यांनी सराफी बट्टा कधी पाहिलेला नाही तेही 'नावाला बट्टा लावला' असे सहज म्हणतात. 'पाणउतारा' या शब्दातील पाणीही विहिरीचे नव्हे. मोत्याचे, हिऱ्याचे तेज आणि तलवारीच्या पोलादाला दिलेली धार टिकवणारी ताकद म्हणजे ते पाणी, आणि ते उतरवले की मोती मणी होतो आणि तलवार लोखंडाची पट्टी. 'हेठी' मात्र धातूंच्या जगातून आलेली नाही. प्राकृतातील 'हेट्ठ' म्हणजे खाली, त्यावरून मराठीत 'हेठ' झाले आणि खालच्या पायरीवर आणले जाणे ही हेठी ठरली. दिशा दाखवणारा शब्द आपणहून अपमानकारक असतो असे नाही: दक्षिण कोकणातील माणसांना 'हेटकरी' म्हणत, आणि शिवकालीन पायदळात त्यांची शूर म्हणून ख्याती होती. खाली असणे आणि खाली ढकलले जाणे यांतले अंतर या दोन शब्दांत मोजता येते.

'मातीमोल' हा शब्द 'व्हिलिपेंड'च्या सर्वांत जवळचा म्हणता येईल, कारण त्यातही हलकी वस्तू आणि मोल यांची जोडी आहे. तो उच्चारला जातो त्या प्रदेशाचा विचार केला तर मात्र त्याचा अर्थ डगमगू लागतो. रायगड जिल्ह्यातील पेण हे गणपतीच्या मूर्तींसाठी महाराष्ट्रभर आणि परदेशांतील मराठी घरांतही ओळखले जाणारे गाव आहे. तेथील कारखान्यांत शाडू मातीचा गोळा साच्यातून निघतो, सांधे पुसले जातात, रंग चढतो, आणि शेवटी सराईत हाताने डोळ्यांची आखणी होते. त्या क्षणापर्यंत जी माती होती तिच्यासमोर त्यानंतर माणसे हात जोडतात. अशा गावात मातीच्या मोलाने मोजणे ही शिवी आहे की गौरव, याचा निर्णय शब्दकोश देऊ शकत नाही. शब्दाला किंमत देतात ती त्याच्या आसपासची कामे, आणि कामे बदलली की तोच शब्द वेगळ्या पारड्यात जातो.

पेण आणि रोहे यांच्या दरम्यानचा पट्टा भाताचा आहे. अंबा नदी, धरमतरची खाडी, तिच्या काठचे खारेपाट, आणि आत सरकत गेले की नागोठण्यापलीकडे रेल्वेमार्गावरच्या निडीसारख्या गावांची डोंगरपायथ्याची खाचरे, असा हा मुलूख आहे. येथे माणसाला कमी लेखण्यासाठी लागणारे शब्द टांकसाळीतून येण्याआधी खळ्यावरून आले असणार. झोडणी झाल्यावर भाताची रास वाऱ्यावर धरतात, आणि जड दाणा पायाशी पडतो तर हलका, आत काही न भरलेला दाणा पुढे उडून जातो. उरलेसुरले सुपात घेऊन पाखडले जाते, आणि सुपाच्या प्रत्येक झटक्याला पोचट दाणे कडेला येत बाहेर पडतात. 'पोचट', 'फोल', 'फोलपट', 'पाचोळा' हे शब्द माणसांना, त्यांच्या बोलण्याला आणि कधी कधी अख्ख्या आयुष्याला चिकटले ते या सुपातून. ज्याला शुद्ध संस्कृत समजून मराठी माणूस भारदस्त गद्यात वापरतो तो 'तुच्छ' हा शब्दही मुळात रिकामा, पोकळ या अर्थाचा आहे आणि संस्कृत कोशांत त्याचा एक अर्थ धान्याचे फोलपट असाही दिलेला आहे. त्याला जोडून येणारे 'लेखणे' हे क्रियापद लिहिण्याच्या आणि हिशेबात धरण्याच्या क्रियेतून आले आहे. तेव्हा 'तुच्छ लेखणे' म्हणजे खातेवहीत एखाद्याच्या नावापुढे फोलपट अशी नोंद करणे, आणि वही नेहमी लिहिता येणाऱ्याच्याच हाती असते.

या बाबतीत पाणिनीच्या व्याकरणातील एक सूत्र विलक्षण महत्त्वाचे आहे. 'मन्' म्हणजे मानणे, समजणे या धातूचे कर्म जर निर्जीव वस्तू असेल आणि वाक्यातून अनादर व्यक्त करायचा असेल, तर त्या कर्माला द्वितीयेऐवजी विकल्पाने चतुर्थी विभक्ती लावावी, असे ते सूत्र सांगते. टीकाकारांनी दिलेले प्रसिद्ध उदाहरण गवताच्या काडीचे आहे, जिथे 'तृणम्' ऐवजी 'तृणाय' असे रूप येते. तिरस्कारासाठी व्याकरणात स्वतंत्र विभक्तीची सोय ठेवावी लागली, याचा अर्थ असा की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बोलणाऱ्यांना एखाद्याला काडी समजणे आणि काडीइतकेही न समजणे यांतला फरक वाक्यरचनेतून दाखवण्याची गरज वाटत होती. मराठीने विभक्तीची ती सोय गमावली तरी 'तृणवत् मानणे', 'खिजगणतीत नसणे', 'कवडीची किंमत न देणे' असे वाक्प्रचार राखले, आणि त्या प्रत्येकात मोजण्याचे एक साधन अडकलेले आहे: काडी, गणती, कवडी.

मोजण्याच्या या साधनांपैकी सर्वांत बोलके साधन 'पासंग' हे आहे. एखादा माणूस दुसऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही असे म्हणणे हा मराठीतील कमी लेखण्याचा टोकाचा प्रकार आहे, परंतु पासंग म्हणजे काय हे पाहिले की त्या वाक्याची धार उलट फिरते. हाती धरायच्या जुन्या तराजूची दोन पारडी क्वचितच समतोल असतात. दांडी एका बाजूला किंचित जड असते, दोऱ्या कमीजास्त भिजलेल्या असतात, पारडे ठोकून वाकलेले असते. तेव्हा वाणी हलक्या पारड्याच्या बाजूला एखादा खडा, लोखंडाचा तुकडा किंवा चिंधीची गाठ बांधतो, आणि दांडी सरळ झाली की मगच मालाचे वजन करतो. तो खडा म्हणजे पासंग. त्याला स्वतःची किंमत नाही, पण त्याच्यावाचून तराजू खोटा बोलतो. पासंगाला न पुरणारा माणूस, असे म्हणताना भाषा अजाणता कबूल करून जाते की तोलणाऱ्याच्या तराजूत मुळातच दोष आहे आणि तो दोष लपवण्यासाठी काही तरी बांधावे लागते. अवमूल्यनाविषयी याहून खरे विधान कोणत्याही नीतिग्रंथात सापडेल असे वाटत नाही.

तराजूतला दोष हा या मुलखात केवळ रूपक म्हणून राहिलेला नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे 1981 पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यात, खोती पद्धतीखाली कुळाने पिकवलेल्या भातातून खोताचा आणि सावकाराचा वाटा आधी निघत असे, आणि माप भरण्याचे काम ज्याच्या हाती त्याच्या मनावर कुळाचे वर्ष अवलंबून राही. खारेपाटातील आगरी आणि कुणबी कुळांनी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते न कसण्याचा जो संप पुकारला, तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धती नाहीशी करण्यासाठी विधेयक मांडले, आणि अखेर 1949 च्या कायद्याने खोती संपली. पाटील यांनी 1937 मध्ये 'कृषीवल' हे पत्र काढले, ही घटना या संदर्भात मापाच्या लढ्याइतकीच महत्त्वाची आहे. ज्याचे धान्य दुसऱ्याच्या पायलीने मोजले जाते त्याचे बोलणेही दुसऱ्याच्या कानाने मोजले जाते. 'अडाणी', 'गावंढळ', 'रांगडा' ही विशेषणे कुळांना चिकटवणारे हात आणि धान्याचे माप भरणारे हात फारसे निराळे नव्हते. स्वतःचे पत्र काढणे म्हणजे लेखण्याची वही आपल्या हाती घेणे होय. याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसांनी तर तराजूच नाकारला, कारण त्या तराजूत त्यांच्यासाठी पारडेच ठेवलेले नव्हते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. प्रत्येक प्रतिकूल मत अवमूल्यन ठरवले तर दोष दाखवण्याची वाटच बंद होईल, आणि जगात हिणकस सोने, पोचट दाणे व वाईट कामे नाहीत असे मानावे लागेल. जुन्या शास्त्रकारांना ही अडचण माहीत होती. मनुस्मृतीवरील कुल्लूकभट्टाची टीका 'परिवाद' आणि 'निंदा' यांत भेद करते: असलेला दोष सांगणे हा परिवाद आणि नसलेला दोष चिकटवणे ही निंदा. ज्या ग्रंथाची 25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच होळी झाली, त्याच्या एका टीकाकाराचा भेद येथे आधाराला घ्यावा लागतो हे विचित्र वाटेल. परंतु भेद उपयोगी आहे, आणि तो पुरेसा नाही हेही खरे आहे. असलेला दोषही चुकीच्या मापाने मोजून सांगता येतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 499 ने, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने, बदनामीला दिलेला पहिला अपवाद याची दखल घेतो: आरोप खरा असणे एवढ्याने भागत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असावे लागते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात जात किंवा धंदा यांच्या संदर्भात एखाद्याला इतरांच्या नजरेत खाली उतरवणे याचा उल्लेख येतो. कायद्याची भाषाही येथे 'हेठी'च्याच जिन्याने उतरते.

मराठीत दोषदर्शनासाठी रूढ असलेला 'टीका' हा शब्द या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकतो. संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथावरील विवरण, अवघड शब्द सोडवून अर्थ उलगडणे. ज्ञानेश्वरी ही त्या अर्थाने गीतेवरील टीका आहे. याच शब्दाला पुढे प्रतिकूल अर्थ चिकटला, आणि तरीही जुना अर्थ मेलेला नाही. 'टीका' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरणारी भाषा असे सुचवते की दोष दाखवण्यापूर्वी उलगडून पाहण्याचे कष्ट घेतलेले असले पाहिजेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांमध्ये 'अपैशुन' म्हणजे चहाडी, निंदा न करणे हा गुण मोजला आहे, आणि त्याचे विवरण करताना ज्ञानदेव असे सुचवतात की दुसऱ्याचा दोष आधी आपल्या दृष्टीने चोख करून घ्यावा आणि मगच त्याच्याकडे पाहावे. 'चोख' हा शब्द पुन्हा सोनाराचाच आहे: हीण नसलेले ते चोख. तेराव्या शतकातील या विवरणात कसोटीवरची ती दुसरी, न दाखवलेली रेघ पाहणाऱ्याच्या डोळ्यात असल्याचे सांगितले आहे.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी हाच विचार वेगळ्या दिशेने नेला. माणसाचे गुण हे घराच्या दारांसारखे आणि दोष भिंतींसारखे आहेत, आत शिरायचे तर दारानेच शिरावे लागते, असे ते सांगत; भिंतीवर डोके आपटणाऱ्याला घर कळत नाही. ही शिकवण सुंदर आहे, आणि ज्याच्या हाती तराजू आहे त्याच्यासाठी आवश्यकही आहे. परंतु ज्याला हिणवले गेले आहे त्याला ती अपुरी पडते. त्याला प्रवेश मिळण्याचा प्रश्नच नसतो. त्याच्या दारालाच भिंत असे नाव दिलेले असते, आणि ते नाव बदलून घेण्यासाठी केवळ गुणदर्शन पुरत नाही, मापाची तपासणी मागावी लागते. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर गीतेवरची प्रवचने दिली तेव्हा त्यांनी निवडलेली साधी मराठी ही मात्र अशी तपासणीच होती, कारण तत्त्वज्ञान तोलण्यासाठी पंडिती भाषाच लागते हे गृहीत त्यांनी मोडून दाखवले.

भाषा हेच मग शेवटी सर्वांत मोठे पारडे ठरते. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फक्त वचनाचा फरक आहे. एकवचनी नाव पाळण्यात ठेवले जाते. अनेकवचनी नावे ठेवली जातात ती दोष काढण्यासाठी. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या भागांतील आगरी बोलीला अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली आहेत. मिठाच्या आगरात राबणारा तो आगरी, असे हे नाव मुळात धंद्याचे, आणि 'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण ज्या भाषेत रूढ आहे तिने मीठ पिकवणाऱ्यांचेच बोलणे अळणी ठरवावे हा योग विचार करायला लावणारा आहे. या बोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, 'ड' चा 'र' होतो: पानी, लोनी, काला, घोरा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1905 मध्ये निघालेल्या सातव्या खंडात ती कोकणातील इतर बोलींसोबत नोंदली गेली, आणि तिथे तिच्यावर 'अशुद्ध' असा शिक्का नाही. एक रूप म्हणून ती शेजारच्या रूपांसोबत मांडली आहे. शिक्का बसला तो शाळेत, कचेरीत, नोकरीच्या मुलाखतीत, शहरातल्या नातेवाइकांच्या हसण्यात.

'पानी' अशुद्ध का, असे विचारले तर उत्तर बहुधा संस्कृतकडे बोट दाखवून दिले जाते. शुद्ध ते संस्कृताला जवळ, असे हे माप. ते माप लावूनच पाहावे. पाण्यासाठीचा मूळ संस्कृत शब्द 'पानीय' आहे, त्यात 'न' आहे. लोण्याचा मूळ शब्द 'नवनीत', त्यातही 'न'. 'दहा जण' मधील 'जण' हा संस्कृत 'जन', आणि आगरी माणूस 'धा जन' म्हणतो. प्रमाण मराठीतील 'ण' हा प्राकृतातून आलेला आहे. प्राकृतात 'न' चा सर्वत्र 'ण' होतो असा नियमच वररुचीच्या प्राकृतप्रकाशात दिलेला आहे, आणि पाणी, लोणी, जण ही रूपे त्या नियमाची लेकरे आहेत. 'घोरा' चेही तसेच: संस्कृत 'घोटक' मधील 'ट' सैल होऊन 'ड' झाला तेव्हा 'घोडा' घडला, आणि तो 'ड' आणखी सैल होऊन 'र' झाला तेव्हा 'घोरा'. एक पायरी उतरणे शुद्ध आणि दोन पायऱ्या उतरणे अशुद्ध, असे ठरवणारा नियम भाषाशास्त्रात नाही. यावरून आगरी बोलीने संस्कृतातील 'न' जपून ठेवला असे म्हणणेही बरोबर होणार नाही, कारण 'गुण' या संस्कृत शब्दाचाही ती 'गुन' करते. तिचा नियम तिचा स्वतःचा आहे. निष्पन्न होते ते एवढेच की संस्कृताचे माप दाखवायला ठेवलेले होते आणि प्रत्यक्षात तोलले जात होते ते बोलणाऱ्याच्या गावाने, धंद्याने आणि जातीने. दांडीला बांधलेला खडा तो हाच.

प्रमाण भाषेची गरज यातून नाकारली जात नाही. जिल्हा न्यायालयात, पाठ्यपुस्तकात, दूरच्या वाचकासाठी लिहिलेल्या पत्रात एक समाईक रूप असावे लागते, आणि 'पाणी' हे असे समाईक रूप आहे म्हणून मुलांनी ते शिकावे, हे सरळ व सांगण्यासारखे कारण आहे. 'पानी' हिणकस आहे म्हणून ते सोडावे, हे मात्र कारण नव्हे, ते हिणवणे आहे. आणि दोन्हींमधील फरक मुलाला शिक्षकाच्या आवाजावरून लगेच कळतो. रेल्वेने निडीहून रोह्याला किंवा पेणला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या वहीत 'पानी' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली जाते तेव्हा ती कसोटीवरची पहिली रेघ असते. शेजारी जागा मोकळी असते. तिथे शिक्षकाने 'पाणी' हे रूप लिहावे, आणि त्याच्याही शेजारी 'पानीय' लिहावे. तीन रूपे एका ओळीत आली की ती उजेडात धरून पाहण्याचे काम मूल स्वतः करू शकते.